खिडकीची फिल्म विकताय? मग रात्री आठ वाजता काय दिसतं ते आधी दाखवा

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, घराच्या काचांना रिफ्लेक्टिव्ह फिल्म लावायचा धंदा जमेल का?" जमेल. भांडवलाचं खाली सांगतो, पण आधी मी कुठे तोंडावर पडलो ते ऐका.

माझं सोलापुरात पडदे आणि ब्लाइंड्सचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या एका काकूंच्या हॉलला आरशासारखी फिल्म लावली. दुपारचं काम. काकूंनी स्वतः बाहेर जाऊन पाहिलं, आतलं काही म्हणजे काही दिसेना. खूश होऊन रोख पैसे दिले. रात्री आठला फोन: "अरे, समोरच्या बाकावरची मंडळी आमचा टीव्ही बघतायत!"

गेलो तर खरंच. आत ट्यूब चालू, बाहेर अंधार. रस्त्यावरून अख्खा हॉल दिसतोय आणि काकूंना मात्र काचेत स्वतःचाच चेहरा.

कारण साधं आहे. ही फिल्म दोन्ही बाजूंनी थोडा उजेड परतवते आणि थोडा पलीकडे सोडते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला आरसा दिसतो. दिवसा तो माणूस रस्त्यावर असतो, रात्री घरात. म्हणजे 'वन-वे' हे नाव दिवसापुरतंच खरं.

मला हे माहीत होतं. ऑर्डर हातची जाईल म्हणून बोललो नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "दुपारीच ठाऊक होतं ना रे तुला?" मी पडदे फुकट शिवून दिले. त्या कामात कमावलं त्यापेक्षा जास्त गेलं, पण ते वाक्य अजून टोचतं.

तेव्हापासून वीतभर सॅम्पल गिऱ्हाईकाच्या काचेला पाण्याने चिकटवून येतो आणि सांगतो, संध्याकाळी दिवा लावून बाहेरून बघा, मग कळवा. काही ऑर्डरी जातात. ज्या येतात, त्यांच्यात बहुतेकजण रात्रीसाठी पडदेही माझ्याकडूनच घेतात.

आता उन्हाचं. "बिल निम्मं होईल" असं चुकूनही बोलू नका. आधी खिडकीचं तोंड कुठे आहे ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छज्जाच पुरतो. खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा, कारण चारनंतरचं तिरकं ऊन छज्ज्याखालून सरळ आत घुसतं. तिथे फिल्मचा फरक हाताला जाणवतो. एसी असेल तर हिशोब असा सांगा: एसी एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. खोली कमी तापली, तर एसी २२ ऐवजी २४ वर चालेल. उत्तरेच्या खिडकीला उन्हासाठी फिल्म विकू नका, खोली उगाच अंधारी होईल.

नवे लोक बुडतात ते मापात. रोल सहसा ५ फूट रुंद आणि १०० फूट लांब असतो, म्हणजे ५०० चौरस फूट. ४ बाय ४ च्या काचेचं बिल तुम्ही १६ फुटांचं करता, पण रोलमधून जातात २०. अशा पाच काचा म्हणजे बिल ८० चं, माल १०० चा. समजा खरेदी ४० रुपये फूट, तर मालाचा खर्च ३,२०० नाही, ४,००० झाला. हे ८०० दरात धरले नाहीत तर तुमची मजुरी त्यातच गेली. उलट २८ इंची स्लायडिंगची दोन शटरं एका रुंदीत मावतात आणि कातरण जवळजवळ शून्य. म्हणून दर सांगण्याआधी कागदावर काप आखायचेच.

लावण्याचं थोडक्यात. फिल्म आतल्या बाजूने लागते. सकाळी, काच गार असताना, पंखा बंद करून काम करा. शक्य असेल तर शटर काढून आडवं ठेवा. पाण्यात बेबी शाम्पूचे चार थेंब पुरतात. रबरापासून एक-दीड मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर पाणी निघायला वाट राहत नाही आणि कड उचलते. पाण्याचे फुगे काही दिवसांत सुकतात, धुळीचा कण मात्र आयुष्यभर दिसतो! जाळीची तार घातलेली, डबल किंवा कडेला टवका उडालेली काच असेल तर काम नाकारा. फिल्ममुळे काच जास्त तापते, चौकटीतली कड गार राहते आणि त्या ताणाने तडा जाऊ शकतो. भरपाई कोण देणार?

फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी गिऱ्हाईकालाच आणायला सांगा. आणि हो, बुलबुल आपल्याच प्रतिबिंबाशी भांडायला येतो, टकटक ऐकून घाबरलेल्या दोन गिऱ्हाईकांचे फोन मला आलेत.

भांडवल म्हणाल तर पहिला रोल घेऊच नका. रनिंग फुटाने देणारा विक्रेता शोधा. स्प्रे बाटली, स्क्वीजी, स्क्रेपर, कटर, स्टीलची पट्टी एवढ्यावर सुरुवात होते. पहिली खिडकी स्वतःच्या घराची, दुसरी मामा-मावशीची. कोपरा कापताना ब्लेड कसं धरायचं ते लिहून कळणार नाही, ते शनिवारच्या व्हिडिओत दाखवतो.