बाभूळ, शेळी आणि बांध

धाराशिव जिल्ह्यातल्या झाडाझुडपांच्या पारंपरिक उपयोगांचा विषय निघाला की बोलणं लगेच जडीबुटीवर येतं. पण या कोरडवाहू मुलखात झाडांचं ज्ञान खरं मुरलं होतं रोजच्या कामात. बाभळीचंच घ्या. औत, कुळव, बैलगाडीची चाकं तिच्या चिवट लाकडाची. काट्यांचं कुंपण, दातवणाला काडी, बाळंतिणीच्या लाडवात डिंक. रानात हिरवं पान उरत नाही तेव्हा तिचा पाला नि शेंगा शेळ्यांच्या पोटात जातात, आणि काटक म्हणून नावाजलेली इथली उस्मानाबादी शेळी अशाच झाडपाल्यावर जगत आली. बाभळीच्या नि तरवडाच्या सालीत टॅनिन असतं, त्यानं कातडं कुजत नाही. उत्तर नायजेरियातले हौसा कारागीरही याच बाभळीच्या शेंगांनी बकऱ्याचं कातडं कमावतात. तिथं ती ‘बगारुवा’. इतक्या दूरच्या दोन मुलखांत एकाच झाडाचा एकच गुण हेरला गेला, ही पारख होती. आपल्याकडे मात्र कातडं कमावणाऱ्यांच्या या जाणकारीला कुणी विद्या म्हटलं नाही, कारण ती जातीनं खाली ढकललेल्यांच्या हातात होती.

परंपरेच्या नावावर काहीही खपवलं जातं, हा आक्षेप रास्त आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं; तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. म्हणजे औषधाचा दावा तपासूनच घ्यावा. पण शेळी शेंगा खाते की नाही, कातडं टिकतं की नाही, हे डोळ्यांसमोर दिसतं. तिथं श्रद्धेचं काम नाही.

मग हे सगळं लिहून ठेवलं की झालं? 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, ती हवीच. पण तणनाशकानं घोळ, पाथरी, तांदुळजा जळाले, जेसीबीनं बांध कोरले आणि गायरानात वेडी बाभूळ माजली, तर वहीतली नावं ओळखणार कोण? वेड्या बाभळीच्या पाल्याला मात्र शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. याची झळ आधी बसते ती दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाईला. तिचा चारा दुसऱ्याच्या बांधावर नि गायरानातच असतो. बांधावरच्या बाभळीच्या सावलीत पीक खुरटतं, ही शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. त्यावर तोडगा जुनाच आहे: झाडं अंतरानं राखायची आणि दरवर्षी फांद्या छाटायच्या. पिकाला ऊन मिळतं, शेळ्यांना पाला आणि चुलीला सरपण.