दीक्षेच्या दिवशी घरी कोण थांबले?



चळवळीत वावरताना मला वीस-बावीस वर्षे झाली. या काळात मोर्चे काढले, धरणे धरली, जयंतीच्या सभा गाजवल्या, न्यायालयात गोरगरिबांची प्रकरणे लढवली. रविवारी विहारात बौद्धिक वर्ग घेतो. ८ मार्चला स्त्रीमुक्तीवर बोलतो, हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा कसा दिला हे तासभर सांगतो. टाळ्या पडतात. पण दिवाळीच्या सुट्टीत न्यायालय बंद असताना मी एक अख्खा दिवस घरात काढला, आणि त्या एका दिवसाने माझ्यातल्या वक्त्याला खाली बसवले.

झाले असे की, माझ्या आईच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. पत्नी परिचारिका आहे, त्यामुळे आईबरोबर तीच गेली. घरी उरलो आम्ही तिघे: माझी आजी, माझी पाच वर्षांची मुलगी आणि मी. आजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. वडील हयात नाहीत. आजीला सांभाळते ती तिची सून, म्हणजे माझी आई. आणि ती सून स्वतः सहासष्ट वर्षांची आहे! पत्नी ड्युटीवर गेली की मुलीलाही तीच सांभाळते. हे सगळे मला माहीत होते. पण माहीत असणे वेगळे आणि करणे वेगळे, हे त्या दिवशी कळले.

आजी पहाटे पाचला उठते. तिला हात धरून न्हाणीपर्यंत न्यावे लागते. पाणी फार गरम चालत नाही, कोमट चालत नाही. दात नाहीत, म्हणून भाकरी वरणात कुस्करून, मऊ होईपर्यंत ठेवून द्यावी लागते. मी ताट पुढे ठेवून मोबाईल पाहत बसलो, तर आजी तशीच बसलेली. मुलगी म्हणाली, "पप्पा, मोठी आजीला चमचा लागतो." गोळ्यांचा डबा उघडला तर कोणती कधीची, मला पत्ता नाही. पत्नीला फोन लावणार, तेवढ्यात मुलगी पुन्हा म्हणाली, "पांढरी जेवायच्या आधी, लाल नंतर. आणि डाव्या कानात बोला, उजव्यात ऐकू येत नाही."

मित्रहो, मी कायद्याचा पदवीधर आहे. कोणत्या कलमाखाली काय मागावे हे मला पाठ आहे. पण माझ्या आजीला कोणत्या कानाने ऐकू येते, हे मला माझ्या पाच वर्षांच्या मुलीकडून कळले.

अकराच्या सुमारास मी आजीच्या हयातीच्या दाखल्याचे काम उरकायचे ठरवले. आजोबा केंद्र सरकारच्या एका खात्यात चतुर्थश्रेणी कर्मचारी होते, त्यांच्या पश्चात आजीला कुटुंब निवृत्तीवेतन मिळते. हा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावा लागतो. मात्र केंद्र सरकारच्या ज्या निवृत्तीवेतनधारकांचे वय ऐंशी वा त्याहून अधिक आहे, त्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. हा नियम मी एका पक्षकाराला सांगितला होता. म्हटले, नोव्हेंबरच्या गर्दीत म्हातारीला कशाला उभे करायचे? रिक्षा केली, एका हाताला आजी, दुसऱ्या हाताला मुलगी, असे आम्ही बँकेत पोहोचलो. पाच पायऱ्या चढायला दहा मिनिटे लागली.

काउंटरवरच्या बाईंनी कागद पाहिले, संगणकात पाहिले आणि नम्रपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, ऐंशीच्या वरच्यांचाच आत्ता घेतो. आजी अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. नोव्हेंबरात या."

मी म्हणालो, असे कसे? त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. जन्मतारीख: १ जानेवारी १९४७. आजीला काही ऐकू आले नाही. मुलगी तिच्या डाव्या कानाशी लागून म्हणाली, "मोठी आजी, त्या म्हणतात तू अजून लहान आहेस!" आजी बोळके उघडून हसली. रांगेतले लोकही हसले. मला मात्र हसू आले नाही.

घरी येऊन आजीची पत्र्याची पेटी उघडली. आधारकार्डावर १ जानेवारी १९४७. निवृत्तीवेतनाच्या कागदावर तेच. आपल्या समाजातल्या किती म्हाताऱ्या माणसांचा जन्म १ जानेवारीला झाला आहे, हे कोणीही आपल्या घरात तपासून पाहावे! ज्यांच्या जन्माची नोंद कुठेच झाली नाही, त्यांना कोणा कारकुनाने ही तारीख वाटून दिली. त्याच पेटीत माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावर वडिलांचा जन्म फेब्रुवारी १९५७. म्हणजे सरकारी कागदांप्रमाणे माझी आजी दहाव्या वर्षी आई झाली! दोन्ही कागद एकाच पेटीत इतकी वर्षे पडून होते आणि घरात वकील होता.

या चुकीची किंमत काय? केंद्राच्या नियमाप्रमाणे कुटुंब निवृत्तीवेतनधारकाला वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ रकमेच्या वीस टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीनंतर तीस टक्के, नव्वदनंतर चाळीस, पंच्याण्णवनंतर पन्नास आणि शंभरीला दुप्पट. आजीला यातला एक पैसाही मिळालेला नाही. मी दुसऱ्यांच्या जन्मतारखा दुरुस्त करून देतो. घरच्या म्हातारीची फाईल मात्र एकदाही उघडून पाहिली नाही. हा दोष कारकुनाइतकाच माझाही आहे.

आजीच्या डाव्या बाजूला बसून मी विचारले, "आजी, तू नेमकी कोणत्या सालची?"

"साल कोनाले ठाऊक बाबू? दीक्षेच्या वक्ताले मले अठरावं सरलं होतं. तुया बाप पोटात होता."

म्हणजे १९३८चा जन्म. आज सत्त्याऐंशी पूर्ण. जिला अक्षर येत नाही, तिने आपले वय धम्मदीक्षेच्या सालावरून जपून ठेवले होते, आणि ते सरकारी कागदांपेक्षा खरे होते. मी उत्साहाने विचारले, "मग तू नागपूरला होतीस? १४ ऑक्टोबरला?" कारण माझ्या प्रत्येक भाषणाची सुरुवात, "माझे आजोबा दीक्षाभूमीवर हजर होते," अशी असते.

आजी म्हणाली, "मले कोन नेते बाप्पा? सासू खाटेवर पडेल, नणंद पाच वर्साची. समदे गेले तं घरी कोनं थांबाव?"

मी गप्प झालो. मग ती थांबत थांबत सांगू लागली. आजोबांची आणि सासऱ्यांची पांढरी वस्त्रे तिनेच धुतली होती. रात्री उशिरापर्यंत भाकरी थापून शिदोरी तिनेच बांधून दिली. माणसे परत येईपर्यंत ती सासूचे करत होती आणि नणंदेला निजवत होती. माणसे बावीस प्रतिज्ञा घेऊन आली, तेव्हा देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन नदीत सोडले तेही तिनेच. नंतर गावातल्या कार्यक्रमात तिने दीक्षा घेतली. माझी मुलगी हे सगळे मांडीवर डोके ठेवून ऐकत होती. तिने एकच प्रश्न विचारला, "तुला जावंसं वाटलं नाही?" आजी म्हणाली, "वाटलं तं लय."

इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. दीक्षेला कोण गेले हे आपण अभिमानाने सांगतो. घरी कोण थांबले, हे आपण विचारतो का? प्रत्येक गावातून माणसे गेली, तेव्हा कुठल्या ना कुठल्या घरी एखादी अठरा वर्षांची सून, अंथरुणावरची म्हातारी आणि एक लहान मूल मागे राहिलेच असेल. त्यांचा इतिहास कोणी लिहिला?

खुद्द बाबासाहेबांचे बालपण आठवा. आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव अगदी लहान होते. त्यांना कोणी वाढवले? रामजी सुभेदारांची बहीण, आत्या मीराबाई यांनी. शरीराने अधू असलेल्या त्या बाईने पोरक्या लेकरांचे घर सांभाळले. आपण सुभेदारांच्या शिस्तीबद्दल बोलतो, ते बोललेच पाहिजे. पण मीराबाईंच्या नावाने आपण किती कार्यक्रम घेतले? मूल सांभाळणारा हात आपल्याला दिसत नाही, कारण तो हात व्यासपीठावर नसतो.

बाबासाहेबांना तो हात दिसला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीकाळातील लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मूल वाढवणे हे एकट्या बाईचे खासगी ओझे नव्हे, हे त्यांनी सभागृहात मांडले. संविधानाचे ४१वे कलम वृद्धापकाळ, आजारपण आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी असे राज्याला सांगते. ४५वे कलम, २००२च्या दुरुस्तीनंतर, सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे संगोपन आणि शिक्षण राज्यावर सोपवते. माझ्या घरातल्या खाटेवर त्या दुपारी ही दोन कलमे शेजारी शेजारी झोपली होती! ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, न्यायालयातून थेट बजावून घेता येत नाहीत, हे खरे. म्हणून तर राज्यकर्त्यांना जाब विचारणारी चळवळ हवी. पण जाब विचारणाऱ्याने आधी आपल्या घरात काय केले?

२००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा मुलाबरोबर सज्ञान नातवावरही आजी-आजोबांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकतो. या कायद्याखाली पोटगी मागता येते. म्हाताऱ्या माणसाजवळ बसून चमच्याने भरवा, असा आदेश मात्र कोणतेही न्यायाधिकरण देऊ शकत नाही. ते काम धम्माचे आहे. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला, तेव्हा पूर्व दिशा म्हणजे आईवडील असे सांगितले. आपण सिगालोवाद सुत्तावर प्रवचने ऐकतो आणि घरी येऊन पाणी मागतो!

संध्याकाळी आई डोळ्याला पट्टी बांधून परतली. दारातूनच तिने विचारले, "आजीने लाल गोळी घेतली का?" स्वतःच्या डोळ्याबद्दल एक शब्द नाही. मी पहाटे पाचपासून थकलो होतो. माझा तो एक दिवस होता. तिची ती सगळी वर्षे आहेत. आणि आजीने पोटात मूल घेऊन हेच केले होते.

मी दुसऱ्याच दिवशी आजीच्या जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज तयार केला. सोबत वडिलांचा शाळेचा दाखला जोडला. निकाल काय लागायचा तो लागो, पाठपुरावा सोडणार नाही. घरात मी एक नियमही केला आहे. आठवड्यातला एक दिवस आजीचे आणि मुलीचे मी करीन आणि त्या दिवशी आई विहारात जाईल.

कार्यकर्ते बांधवांनो, तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पेटी उघडा, कागदावरची जन्मतारीख मुलांच्या वयाशी ताडून पाहा. त्यांना एकदा विचारा की ५६ साली तुम्ही कुठे होता, आणि घरातल्या लहान मुलाला शेजारी बसवून विचारा. पुढच्या सभेला निघण्यापूर्वी हेही पाहा की तुमच्या जाण्यासाठी घरी कोण थांबले आहे, आणि त्या बाईची पाळी कधी येणार आहे.

माझ्या पुढच्या भाषणाची सुरुवात आता बदलली आहे. माझे आजोबा दीक्षाभूमीवर हजर होते, कारण माझी आजी घरी थांबली होती.

जयभीम!