पंधरा फुटांची आग

मालवणात गेलं की स्कूबा करायचं, किल्ला बघायचा आणि सुरमई हाणायची, हा सर्वमान्य प्रोग्रॅम. आम्ही पाच जण मात्र तारकर्लीच्या एका होमस्टेच्या पडवीत बसून कचाकचा भांडत होतो. बाहेर धो धो पाऊस. विषय : चेटकिणीच्या हातातून निघालेली आग नक्की कुणाला लागली?

खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', डंजन मास्टर अस्मादिक. नकाशा घरी विसरला, म्हणून पडवीतल्या लाद्या हेच चौकोन. एक लादी म्हणजे पाच फूट, काजूच्या बिया म्हणजे आम्ही. दारात दोन भिडू उभे होते. मी जाहीर केलं, "चेटकीण दाराकडे 'बर्निंग हँड्स' टाकते." ही आग शंकूसारखी पंधरा फूट पसरते. बाजूला तिरका उभा असलेला आमचा पॅलाडिन मी त्यात धरला. त्याचे पॉइंट उरले होते नऊ, तीन फाशांची बेरीज आली तेरा. आडवा! दोन वर्षं जपलेलं कॅरेक्टर, आणि पुढच्या आठवड्यात साहेब नोकरीसाठी टोरांटोला निघालेले. शेवटचा गेम, बॉस!

"मी शंकूत येतच नाही," तो म्हणाला आणि त्याने पुस्तकच काढलं. 2014च्या नियमात शंकूची रुंदी त्या-त्या ठिकाणच्या अंतराएवढी. दहा फुटांवर दहा फूट रुंद. कोन मोजला तर जेमतेम 53 अंश. मी कॉलेजात शिकले 2003च्या आवृत्तीवर. तिथे शंकू म्हणजे पाव वर्तुळ, चांगले 90 अंश! पॅलाडिन नेमका दोन्हींच्या मधल्या फटीत.

चूक माझी होती, पण मीही हट्टी. "ठीकाय, मग ती तुझ्याकडे वळून टाकते."

"कशी वळेल? तिचं तोंड दाराकडे आहे!"

इथे मात्र तो चुकला. मूळ नियमांत कुणाला तोंड-पाठ नसतेच, सगळे सगळीकडे बघतात. 2014च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात तोंडाचा नियम आहे, पण ऐच्छिक. तो घेतला तर पाठीमागून वार करणाऱ्याला फायदा मिळतो, ढाल फक्त समोरून आणि ढालीच्या बाजूने वाचवते. आम्ही तो घेतलाच नव्हता.

"आग! आग!" हा आरडाओरडा ऐकून काकी धावत आल्या. "खंय आग लागली रे?" मग जेवणं झाली, पण कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा बघितला. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफात 120 गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पाच अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शी, उरलेल्या पाचांत एक्का, आणि दश्शी थेट तळाला! त्यात दिवसा उतारी रामाची, रात्री कृष्णाची. दिवेलागणीला बसलात तर? पानं वाटायच्या आधीच ठरवून घ्यायला हवं ना!

परतताना गाडीत मी निकाल दिला. तोंडाचा नियम नव्हता, चेटकीण कुठेही वळू शकली असती. पण मी 'दाराकडे' बोलून बसले होते. पॅलाडिन जिवंत.

"हे कालच सांगायचंस," तो म्हणाला. टोरांटोला जाताना नऊ पॉइंटवाली शीट माझ्याकडेच ठेवून गेला.