दाताच्या खुर्चीत मिळणारी वाईट बातमी

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. पन्नाशीचे एक शेतकरी दाढ दुखते म्हणून दिंडोरीतल्या माझ्या दवाखान्यात आले. दाढेत फारसे काही नव्हते. पण गालाच्या आत, तंबाखूचा बार धरायच्या जागी, टणक कडांची जखम होती. "किती दिवस झाले?" "झाले असतील दोन-तीन महिने. दुखत नाही ना, म्हणून राहिलं."

तुकडा तपासायला नाशिकला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी बाहेर सहा पेशंट बसलेले. मी उभ्या उभ्याच, हातमोजेही न काढता म्हणालो, "काका, हा कॅन्सर आहे. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जा." त्यांनी मान हलवली, चिठ्ठी खिशात घातली आणि ते गेले. घरी मात्र "दाताचं इन्फेक्शन आहे" एवढेच सांगितले. चार महिन्यांनी मुलगा त्यांना घेऊन आला, तेव्हा मानेत गाठ आलेली होती. रिपोर्ट बरोबर होता, सल्लाही बरोबर होता. चुकले ते माझे सांगणे.

तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे पुष्कळदा दातांच्या डॉक्टरालाच आधी दिसतो. तंबाखू-चुना, मिश्री आणि गुटखा ही त्याची मोठी कारणे. (गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, टपऱ्यांची गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच.) पण कॉलेजात आम्ही शिकलो ते दाढ काढायला, कवळी बसवायला. वाईट बातमी कशी सांगावी, हे आमच्या वेळी कोणी शिकवले नाही.

पुढे नाशिकला एका शिबिरात ते शिकायला मिळाले. आम्हा डॉक्टरांच्या जोड्या लावल्या. एकाने पेशंट व्हायचे, दुसऱ्याने रिपोर्ट सांगायचा. पेशंट होऊन खुर्चीत बसलो आणि पहिल्यांदा कळले की "कॅन्सर" या शब्दानंतरचे काहीच कानात शिरत नाही.

तिथे शिकवलेली पद्धत अमेरिका-कॅनडातल्या डॉक्टरांनी 2000 साली मांडलेली आहे. तिचे सहा टप्पे आहेत, पण गाभा साधा आहे. दार लावून, पेशंटच्या समोर बसून बोलायचे. खुर्ची आडवी असेल तर आधी सरळ करायची. मग त्यालाच विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं, हे काय असेल?" पुष्कळांच्या मनात शंका असतेच. किती ऐकायचे आहे, तेही त्यालाच ठरवू द्यायचे. बातमी साध्या शब्दांत सांगायची आणि नंतर गप्प बसायचे. हे गप्प बसणे आम्हा डॉक्टरांना सर्वांत जड जाते. रडू आले तर येऊ द्यायचे. शेवटी पुढचा रस्ता ठरवायचा: कुठे जायचे, कोणत्या दिवशी, सोबत कोण येणार, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणते कागद लागतील. आता मी हे सगळे कागदावर लिहून देतो.

तुकडा काढतानाही बोलणे नेमके लागते. रिपोर्ट येईपर्यंत "कॅन्सर आहे" म्हणू नये, "काही नाही हो" असेही म्हणू नये. "ही जखम मला बरोबर वाटत नाही, तपासू या," एवढे खरे असते. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे. तिच्यापायी महिने वाया जातात.

आणखी एक अडचण घरच्यांची. मुलगा बाहेर गाठून म्हणतो, "डॉक्टर, बाबांना सांगू नका, धसका घेतील." पूर्वी मी ऐकायचो. आता म्हणतो, "सांगू या, पण तुम्ही शेजारी बसा." शस्त्रक्रिया किंवा शेक कशासाठी, हेच माहीत नसेल तर माणूस उपचार अर्धवट सोडतो.

वाचकांनीही एवढे करावे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे उभी मावणार नाहीत इतके आखडलेले तोंड, यांपैकी काही दिसले तर दुखण्याची वाट न पाहता दाखवावे. लवकर सापडलेला रोग बरा होण्याची शक्यता बरीच जास्त असते. रिपोर्ट आणायला एकटे जाऊ नये. आणि डॉक्टर घाईत दिसला, तर त्याला खुशाल सांगावे, "साहेब, दोन मिनिटं बसून सांगा."