खाऱ्या वाऱ्यातली जुनी मोटार आणि मुठीत मावणारा सँडर

ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी दुप्पट होऊन दहा हजार रुपये झाल्यापासून, पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू या बाजूच्या ज्या घरांच्या पडवीत वडिलांच्या वेळची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे, तेथे त्या गाडीचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न नव्याने निघाला असणार. परंतु जाणत्या मालकाने त्याबरोबर आणखी एक दस्तऐवज नीट वाचावा, आणि तो म्हणजे पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’ दर्जा देणारी जुलै 2021 ची अधिसूचना. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पाच हजार, ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र क्रमांकमालिका, हा तपशील वर्तमानपत्रांतून येऊन गेलेला आहे. तिच्यातली जी शर्त मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी, की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. तिची चासी, तिचा सांगाडा वा तिचे इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकलेल्या फियाट गाड्यांपैकी आरंभीच्या गाड्या आता ही पन्नाशी ओलांडत आहेत, आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस कायमची गेल्यामुळे, खाजगी मालकीत उरलेल्या गाडीच्या मूळ पत्र्याला पूर्वी नव्हती इतकी किंमत आली आहे.

म्हणूनच त्या पत्र्याला पहिला स्पर्श कोणत्या यंत्राने करावयाचा, ही बाब मी क्षुल्लक समजत नाही. आपल्याकडील डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गंज दिसला की सवयीने हात ग्राइंडरकडे जातो. मिनिटास सुमारे अकरा हजार फेरे घेणारी ती 100 मिलीमीटरची चकती गंज काढते हे खरे; परंतु जेमतेम एक मिलीमीटर जाडीच्या पत्र्यावर ती एका जागी क्षणभर अधिक टेकली, की उष्णतेने पत्रा ताणला जातो, निवल्यावर पूर्वस्थितीला येत नाही, आणि दरवाजाचा सपाट भाग डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होऊ लागतो. मग तो दोष झाकण्यासाठी पुट्टीचे थर चढतात, त्या थरांखाली ओल धरते, आणि दोन पावसाळ्यांनंतर तोच पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करण्याची पाळी येते. अधिसूचनेतील शर्तीचा भंग कोणी जाणूनबुजून करीत नाही. तो अशा वाटेने घडत जातो.

त्यातून आपल्या किनाऱ्याचे हवामान. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या एकंदर प्रदूषणाविषयी तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकाने 93.69 गुण देऊन, म्हणजे देशात सर्वाधिक प्रदूषित ठरवून, निकालच दिलेला आहे. मिठातील क्लोराइड गंजाच्या खळग्यांत तळाशी जाऊन बसते, हवेतील ओल ओढून घेते, आणि वरून कितीही देखणा रंग दिला तरी आतून आपले काम चालू ठेवते. कोरडा सँडर थेट अशा पत्र्यावर चालविला, तर वरचा तांबूस थर जाऊन धातू चकाकतो, मालकाचे समाधान होते, आणि मीठ खळग्यात अधिकच दाबले जाते. यास्तव घासण्यापूर्वी तो भाग गोड्या पाण्याने धुवावा, ब्रशने खळगे चोळावेत, पुन्हा धुवावा आणि पूर्ण कोरडा करावा. येथे गोडे पाणी हा शब्द अक्षरशः घ्यावयाचा. किनारपट्टीच्या गावांत बोअरचे पाणी बहुधा मचूळ असते, तेव्हा सूर्या प्रकल्पाचे नळाचे पाणी येत असेल तर तेच वापरावे.

उघडा पडलेला पत्रा या हवेत फार काळ स्वच्छ राहत नाही. सकाळी चकाकणाऱ्या धातूवर संध्याकाळपर्यंत पिवळसर झाक येऊ शकते, घामट हाताचा ठसा तर त्याआधीच उमटतो. तेव्हा सूर्यास्तापूर्वी ज्यावर एपॉक्सी प्रायमर मारता येईल, तेवढाच भाग त्या दिवशी उघडा करावयाचा, हा नियम मी कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा मोठा मानतो. एकदा हा नियम पत्करला, की मोठ्या व शक्तिमान यंत्राचे आकर्षण आपोआप ओसरते.

माझ्या मते बारीक कामासाठी पहिली निवड 75 मिलीमीटर चकतीच्या रँडम ऑर्बिटल सँडरची असावी. या यंत्राची चकती स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी तिचा मध्य एका लहान वर्तुळात डोलत राहतो, त्यामुळे एकच कण एकाच रेषेवरून पुनःपुन्हा जात नाही व पत्र्यावर चक्राकार ओरखडे पडत नाहीत. या डोलण्याचा व्यास यंत्रावर लिहिलेला असतो: 5 मिलीमीटरचे यंत्र जुना रंग भराभर उतरविते, तर 2.5 ते 3 मिलीमीटरचे प्रायमर व पुट्टीची पातळी राखते. एकच घ्यावयाचे असेल तर लहान डोलाचे घ्यावे. वेळ अधिक लागेल, पण पत्रा जाणार नाही. 125 मिलीमीटरची चकती क्षेत्रफळाने 75 च्या जवळजवळ पावणेतीनपट असते, आणि टपावर किंवा बॉनेटवर ती उपयोगी आहेच. परंतु फियाटच्या हेडलाइटभोवतालच्या वळणावर तिची फक्त कड टेकते आणि ती कड खाच पाडते. वेग कमी-जास्त करण्याची सोय ही ऐच्छिक चैन समजू नये. पुट्टीवर आणि कडेच्या जवळ मंद वेग लागतो, नाही तर घर्षणाने पुट्टी मऊ होऊन कागदाला चिकटते.

वजन हातात धरूनच पाहावे. कंपनाचा आकडा मात्र पुस्तिकेत शोधावा लागतो. युरोपीय संघाच्या 2002 च्या निदेशानुसार दिवसभराच्या कामासाठी 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ही दक्षतेची व 5 ही कमाल मर्यादा मानली जाते. त्याहून अधिक कंपन वर्षानुवर्षे सोसणाऱ्या कारागिराची बोटे पांढरी पडू लागतात, त्यांतली संवेदना जाते. आणि रंगाऱ्याचे तर सारे कसब बोटांच्या टोकांत असते. पृष्ठभागाचा उंचसखलपणा तो डोळ्यांनी कमी आणि पातळ फडक्यावरून तळवा फिरवून अधिक ओळखतो.

गोल चकती जेथे शिरत नाही, अशा जागा जुन्या गाडीत पुष्कळ: टपाच्या कडेची पावसाची पन्हळ, दरवाजाच्या हँडलमागचा खोलगट भाग, काचेच्या रबराखालची खोबण. येथे त्रिकोणी तळाचे, किंचित कोनात थरथरणारे यंत्र कामास येते, आणि त्याची वंशावळ मला विलक्षण वाटते. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी 1940 च्या दशकात रुग्णाचे प्लास्टर कापण्यासाठी असे पाते बनविले, की जे पूर्ण फिरत नाही, नुसते सूक्ष्म कंप पावते; कठीण प्लास्टर कापले जाते, पण खालची मऊ त्वचा पात्याबरोबर हलत राहते आणि सहसा कापली जात नाही. 1895 मध्ये विजेचे हातड्रिल बनविणाऱ्या जर्मनीच्या फाइन कंपनीनेही 1967 मध्ये प्लास्टरची अशीच करवत काढली, आणि पुढे हेच तत्त्व वर्कशॉपमध्ये आले. दुखऱ्या हाडावरचे आवरण अंगाला न दुखविता काढावयाचे, या एका गरजेतून निघालेले यंत्र मूळ पत्र्याला न दुखविता वरचा गंज काढण्यास योग्य ठरावे, यात मला औचित्य दिसते. मात्र त्याचा त्रिकोणी कागद टोकाशीच झिजतो. म्हणून ज्याचा तळ फिरवून तिन्ही टोके वापरता येतात आणि ज्याचे कागद बोईसर-पालघरच्या हार्डवेअर दुकानांत मिळतात, तेच घ्यावे. 75 च्या चकत्यांचीही आधी चौकशी करावी. यंत्र मिळते आणि कागद मुंबईहून मागवावा लागतो, अशी अवस्था ओढवून घेऊ नये.

दरवाजाच्या घडीची रेघ आणि मडगार्डची कड यंत्राला देऊ नये. तेथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि क्षणात उघडा पडतो. चारशे नंबरचा कागद बोटांनीच फिरवावा. 80 नंबरवरून थेट 320 वर उडी मारण्याची घाईही नको; मध्ये 120, 180, 240 घेतले नाहीत तर खोल ओरखडे प्रायमरमधून पुढे कधी तरी वर येतातच. पाण्याचा कागद, जो 3M ने 1921 मध्ये बाजारात आणला तो, हातानेच किंवा हवेच्या यंत्राने वापरावयाचा. विजेचा सँडर आणि पाणी यांची गाठ पडू देऊ नये. घरगुती जागेत हवेचे यंत्र परवडत नाही, कारण त्याला अखंड हवा पुरविणारा मोठा कॉम्प्रेसर लागतो. लहान कॉम्प्रेसर दोन मिनिटांत धापा टाकतो. विजेचे यंत्र दुहेरी विद्युतरोधनाचे असावे, म्हणजे त्याच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असावी, आणि पुरवठा विजेची गळती होताच तो तोडणाऱ्या 30 मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीमधून घ्यावा.

धुळीविषयी कोणतीही तडजोड मला मान्य नाही. साठ-सत्तरच्या दशकांतील रंगात व प्रायमरमध्ये शिसे व क्रोमेट असण्याचा संभव मोठा, आणि रंगातील शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे 2016 चे नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरते आहेत. ज्या सँडरला व्हॅक्यूमची नळी जोडता येत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. सोबत दिलेली कापडी पिशवी अपुरी पडते. एन-95 मुखपट्टी लावावी, कामाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नयेत, आणि अंगणात मुले खेळत असतील तर यंत्र सुरूच करू नये. कामाचा हंगामही ठरवून घ्यावा: पावसाळ्यात यंत्र, कागद व प्रायमर यांची खरेदी आणि चौकशी उरकावी, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की आधी पायदानाखालचा सडका भाग घ्यावा, मग दरवाजे एकेक करून, आणि टप सर्वांत शेवटी, कारण त्यावरचा मूळ रंग बहुधा शाबूत असतो व तो घासण्याची गरजच पडत नाही.