विहाराच्या माळ्यावरची ढोलकी: घरच्या घरी कशी दुरुस्त करावी?

अनेक वस्त्यांतल्या बुद्धविहारांत आणि जुन्या गायन पार्टीच्या कलावंतांच्या घरांत माळ्यावर एखादी ढोलकी पडून असते. पुडी फाटलेली, दोरी कुजलेली, खोडावर ऑइलपेंटचे थर. जयंतीला डीजे ठरतो आणि ढोलकी भंगारात जाते. वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो.

ही ढोलकी म्हणजे आपल्या चळवळीचं साधन आहे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आणि असंख्य गायन पार्ट्यांनी अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार पोहोचवला. म्हणून ती वाचवायला हवी. त्यातलं बरंचसं काम घरी करता येतं.

उघडण्याआधी

चारही बाजूंनी फोटो काढा. दोरी कशी ओवली आहे, पितळी कड्या कुठे आहेत, हे फोटोत दिसलं पाहिजे. दोन्ही तोंडांचा व्यास मोजून लिहा. शाईची उजवी बाजू आणि घुमणारी डावी बाजू यांवर खुणा करा. दोरी एकदम कापू नका. दोन्ही बाजूंचा ताण सारखा कमी होईल अशी थोडी थोडी सैल करा. जुनी पुडी फेकू नका, कारागिराला मापासाठी ती लागते.

खोडाची तपासणी

आतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. पाणी ओतू नका. छिद्रांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. अशा वेळी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं लाकडाच्या किडीचं औषध हातमोजे घालून, मोकळ्या हवेत लावा. बारीक चिरेत लाकडाचा गोंद आणि बारीक भुसा यांचा लगदा भरा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून २४ तास ठेवा. चीर आरपार गेली असेल तर सुताराकडे जा.

जुना रंग

इथे खरी काळजी घ्यावी लागते. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० पर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ साली आला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. पॉलिशपेपर आणि पृष्ठभाग ओलसर ठेवून घासा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. निघालेला रंग कागदात गुंडाळून टाका. खोडावर मंडळाचं, कलावंताचं नाव किंवा साल असेल तर तेवढा भाग तसाच राहू द्या. तो आपला दस्तऐवज आहे.

खोड पूर्ण वाळल्यावर १२० आणि मग २४० नंबरचा पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. तोंडाचा काठ मात्र जास्त घासू नका. काठ उंचसखल झाला तर पुडी नीट बसत नाही आणि सूर लागत नाही.

पॉलिश

चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुती कापडाने पातळ हात द्या. एक हात वाळल्यावर दुसरा. तीन-चार हात पुरतात. स्पिरिट लगेच पेट घेतं, त्यामुळे जवळ चूल, दिवा किंवा विडी नको.

पुडी कारागिराकडूनच

पुडी शेळीच्या कातड्याची असते. शाई म्हणजे लोहचूर्ण आणि खळ यांचे थर, एकेक थर दगडाने घोटून बसवलेले. डाव्या पुडीला आतून मसाला असतो. हे काम वर्षानुवर्षांच्या हाताचं आहे, व्हिडिओ पाहून जमत नाही. कारागिराशी घासाघीस करू नका. दुरुस्तीच्या नोंदीत त्याचंही नाव लिहा.

काही तरुण विचारतात, चामड्याची आणि वाद्य वाजवण्याची कामं आपण नाकारली, मग आता हे कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी नाकारली ती जातीने लादलेली सक्ती. जलशातली ढोलकी त्यांनी स्वतःच्या इच्छेने हाती घेतली. कातडं तेच होतं, पण हुकूम कुणाचा नव्हता. चामड्याला हात लावणं हलकं मानणारी नजर जातीचीच आहे. तीच नजर आपण त्या कारागिराकडे वळवली, तर पंचशील म्हणण्याला अर्थ उरत नाही.

नंतरची निगा

कार्यक्रम संपल्यावर कड्या सरकवून ताण कमी करा. पावसाळ्यात ढोलकी कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच ठेवा. कडक उन्हात ठेवू नका, खोड तडकतं. आणि आठवड्यातून एकदा तरी ती वाजली पाहिजे. विहारात रविवारी मुलं जमतातच. वस्तीतल्या जुन्या वादकाला तासभर बोलवा आणि ढोलकी मुलांच्या हाती द्या.

जय भीम.