स्मरणाची मोजदाद : मेंदूच्या चाचण्या आणि आपली भाषा

घरातले वडीलधारे माणूस तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारू लागते, वर्षानुवर्षे चोख असलेला हिशेब चुकू लागतो, ओळखीच्या रस्त्यावर पाऊल अडखळते. मग मेंदूविकारतज्ज्ञ तपासतात, एमआरआय होतो आणि शेवटी एक चिठ्ठी हाती येते : मानसशास्त्रीय चाचण्या करून घ्या. अशी चिठ्ठी पक्षाघातानंतर, अपघातात डोक्याला मार लागल्यावर किंवा अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधीही मिळते. काही घरांत तिचा राग येतो, कारण 'मानस' या शब्दातून वेडाचा वास येतो. काही घरांत उलट घडते. चाचणीतून आकडा मिळाला म्हणजे निकालच लागला, असे लोक धरून चालतात. पहिला गैरसमज लवकर दूर होतो. दुसरा अधिक चिवट आहे आणि आपल्यासारख्या दोन-तीन भाषांत वावरणाऱ्या कुटुंबांना तो महागातही पडू शकतो. म्हणून या चाचण्या वापरणारा माणूस नेमके काय शिकलेला असतो, हे आपण समजून घेऊ.

मेंदूची इजा आणि माणसाचे वागणे यांचा संबंध तपासणाऱ्या शास्त्राला न्यूरोसायकॉलॉजी म्हणतात. रुग्णासाठी त्याचा उपयोग करते ती त्याची क्लिनिकल शाखा. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. ती रचना कोणते काम करू शकते आणि कोणते नाही, हे चाचण्या सांगतात. या शाखेतला प्रत्येक विद्यार्थी सुरुवातीलाच एका अमेरिकन रुग्णाची कथा शिकतो. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव. हयात असेपर्यंत जग त्याला केवळ 'एच. एम.' या आद्याक्षरांनी ओळखत होते. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतल्या अंगाचा काही भाग काढला. त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. १९५५मध्ये ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची तपासणी केली. बुद्धिगुणांक आला ११२, म्हणजे सर्वसाधारण माणसाहून थोडा वरच. स्मृतीच्या चाचणीत मात्र त्याला अवघे ६७ मिळाले. दोन्ही मापांत सरासरी १०० असते. केवळ बुद्धिगुणांक पाहिला असता तर हा माणूस ठणठणीत ठरला असता! इतकेच नव्हे, आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचे कसब तो दिवसागणिक शिकत गेला, आणि दर दिवशी त्याला वाटे की हे काम आपण प्रथमच करतो आहोत. स्मृती ही एकच एक वस्तू नाही, हे या तपासणीतून जगाला कळले. चाचण्या एका बैठकीत दहा-बारा का घेतात, याचे उत्तरही इथेच आहे.

आता आकडा कसा तयार होतो ते पाहू. समजा, एखाद्या आजोबांनी पंधरा शब्दांच्या यादीतले सहा शब्द सांगितले. सहा हे चांगले की वाईट? नुसत्या सहावरून काहीच ठरत नाही. त्याच वयाच्या, तितक्याच शिकलेल्या निरोगी माणसांना साधारण किती शब्द आठवतात, हे माहीत असेल तरच त्या सहाला अर्थ येतो. अशा तुलनेच्या तक्त्यांना मानके म्हणतात. चौथीपर्यंत शिकलेल्या बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना पदवीधर तरुणांच्या तक्त्यावर मोजले तर ते आजारी दिसणारच. निवृत्त प्राध्यापकांची गोष्ट उलटी असते. सरासरीइतके गुण मिळाले तरी त्यांच्या बाबतीत ती मोठी घसरण असू शकते, कारण त्यांची सुरुवातच वरून झालेली असते. म्हणून जाणकार तपासनीस आधी शिक्षण, व्यवसाय, वाचनाची सवय यांची चौकशी करतो. ती चौकशी म्हणजे गप्पा नव्हेत, मोजमापाचाच तो भाग आहे.

चाचणी देण्याचे तंत्र विद्यार्थ्याला आधी शिकवतात. सूचना ठरलेल्या शब्दांतच द्यायच्या, शब्द सेकंदाला एक या गतीने वाचायचे, घड्याळ लावायचे, उत्तर चुकले तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाही आणि मदत करायची नाही. हे ऐकायला सोपे वाटते. पण समोर आजोबा अडखळत असताना पहिले अक्षर न सुचवणे अवघड असते. सुचवले तर तुलना मोडते, कारण मानके तयार करताना कोणालाही सुचवलेले नसते.

यानंतरचे शिक्षण अधिक काळ चालते. उत्तर चुकले, एवढे नोंदवून भागत नाही. ते कसे चुकले, हे पाहावे लागते. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी शब्दांच्या यादीची चाचणी घेऊ. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवतात आणि दर वेळी आठवतील तेवढे सांगायला लावतात. अर्ध्या तासाने, यादी पुन्हा न वाचता, तेच शब्द विचारतात. शेवटी एक मोठी यादी ऐकवून 'यातले आधीचे कोणते?' असे ओळखायला सांगतात. दोन माणसांना अर्ध्या तासाने तीन-तीनच शब्द आठवले असे समजा. पहिल्याने ओळखण्याच्या फेरीत चौदा शब्द अचूक ओळखले. त्याच्या डोक्यात शब्द साठले होते, फक्त ते बाहेर काढता येत नव्हते. नैराश्यात किंवा मेंदूच्या पुढच्या भागाच्या काही विकारांत असे दिसते. दुसऱ्याला ओळखताही आले नाहीत, उलट न ऐकलेल्या शब्दांनाही तो 'हो' म्हणाला. इथे शब्द साठलेच नव्हते, आणि अल्झायमरची शंका बळावते. दोघांचा आकडा एकच असला तरी पुढची वाट वेगळी आहे. नैराश्यावर उपचार झाले तर पहिल्या माणसाची स्मृती बरीच सावरू शकते. अहवालात फक्त 'तीन' एवढेच लिहिले तर हा फरक हरवतो.

आता भाषेकडे वळू. आपल्या घरांना सर्वांत जवळचा असलेला विषय तोच आहे.

या चाचण्यांपैकी बहुतेक युरोप-अमेरिकेत जन्मल्या. त्या आपल्या भाषांत आणण्याचा प्रयत्न जुना आहे, आणि त्यात धारवाडचा मान मोठा. बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची मराठी आणि कानडी मुलांसाठीची आवृत्ती डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात तयार केली. 'बिने-कामत' या नावाने ती देशभर वापरली गेली. पुढे हरियाणातील बल्लभगढ परिसरात वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास झाला. तीस गुणांची प्रसिद्ध अमेरिकन चाचणी तिथल्या निरक्षर माणसांना लावता येईना, म्हणून संशोधकांनी तिची हिंदी आवृत्ती घडवली. 'डोळे मिटा' हे वाक्य वाचून तसे करायचे होते. त्याऐवजी तपासनिसाचे पाहून डोळे मिटायचे. शब्दाचे स्पेलिंग उलटे सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगायचे. भाषांतर करणे एक आणि चाचणी नव्या मातीत रुजवणे दुसरे, हे या कामावरून समजते.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या चाचणीसंचात दिलेल्या अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायचे असतात. इंग्रजीतल्या एफ, ए, एस या अक्षरांऐवजी भारतीय भाषांसाठी तिथे क, प, म घेतले आहेत. आता इंदूरच्या मराठी घरातल्या काकू 'क' म्हटल्यावर 'कागद, कपाट, कुर्सी' म्हणाल्या तर 'कुर्सी' धरायचा की खोडायचा? त्यांच्या घरच्या मराठीत तो शब्द रोज वावरतो. पुण्याच्या मराठीचा काटेकोर कान तो खोडेल आणि एक गुण जाईल. असे चार शब्द खोडले तर काकूंची शब्दसंपत्ती घसरल्याची नोंद होईल. कोणते शब्द धरले, हे तपासनिसाने आधी ठरवून अहवालात लिहायला हवे.

शंभरातून सात-सात वजा करण्याचा प्रश्नही असाच आहे. मराठीत उत्तरे येतात त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. आपण एकम आधी बोलतो, दशक नंतर. कानडीत याच्या उलट, दशक आधी. बेळगावात कानडी शाळेत शिकलेले मराठी गृहस्थ मनात कानडीत वजाबाकी करतात आणि तोंडाने मराठीत सांगतात. गोव्यात १९६१च्या आधी शाळेत गेलेल्या एखाद्या आजींनी पाढे पोर्तुगीजमध्ये पाठ केलेले असू शकतात. अशा वेळी लागणारा जादा वेळ भाषांतराचा असतो. तो रोगाच्या खात्यावर टाकणे अन्याय होईल.

महिन्याचा प्रश्न तर आणखी मासलेवाईक. 'सध्या कोणता महिना चालू आहे?' हे विचारून काळाचे भान तपासतात. ग्वाल्हेरच्या आजी म्हणतात, 'श्रावण.' हिंदी भाषक तपासनिसाच्या पंचांगात भाद्रपद लागलेला असतो. आजी चुकल्या का? मुळीच नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. म्हणूनच गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी आणि शेजारच्या घरी भाद्रपद कृष्ण अष्टमी. दर महिन्याचा वद्य पक्ष असा दोन नावांनी जातो. हे ठाऊक नसलेला तपासनीस पूर्ण शुद्धीत असलेल्या बाईंचा गुण कापेल, आणि नोंद होईल 'काळाचे भान नाही'. अशा दोन-तीन नोंदी जमल्या की निदानाचा कल बदलतो. त्यावरून औषधे सुरू होतात, बँकेची सही काढून घेतली जाते, मृत्युपत्राबद्दल शंका निघतात.

याचा अर्थ अनेक भाषा येणे ही अडचण आहे असा मात्र नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून तो २०१३मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि निरक्षरांतही हा फरक आढळला. यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण घरात मराठी, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलणाऱ्यांनी स्वतःला उणे समजण्याचे कारण नाही, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

एक गणितही ध्यानात ठेवा. एक हजार वृद्धांत पन्नासांना आजार आहे असे समजू. चाचणी त्यांतल्या पंचेचाळीस जणांना बरोबर पकडते. निरोगी साडेनऊशेंपैकी फक्त दहा टक्क्यांना, म्हणजे पंचाण्णव जणांना, ती चुकून आजारी ठरवते. एकंदर एकशे चाळीस जण 'नापास' झाले, आणि त्यांत खरे आजारी साधारण एक तृतीयांशच. चाचणी वाईट नसतानाही असे होते. म्हणून एका छोट्या चाचणीवरून कोणी निदान करत नाही, निदान करू नये.

तुमच्या घरी अशी चिठ्ठी आली तर काय कराल? चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्या. कमी ऐकू येणे हे पुष्कळदा विसरण्यासारखे दिसते. चालू औषधांची यादी न्या. थायरॉइड आणि बी-१२ची तपासणी झाली आहे का, ते डॉक्टरांना विचारा. शाळा कोणत्या भाषेत झाली, हिशेब कोणत्या भाषेत चालतो, घरी काय बोलतात आणि पंचांग कोणते मानतात, हे तपासनिसाला आपणहून सांगा. मराठी जाणणारा तपासनीस मिळतो का ते पाहा. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, हे विचारण्यात संकोच नको. चाचणी चालू असताना खोलीत बसून उत्तरे सुचवू नका, आणि आदल्या रात्री घरी उजळणीही घेऊ नका. मायेपोटी केलेली ही मदत खरा आजार झाकते आणि उपचाराचे महिने वाया घालवते. चाचणी लवकर पुन्हा घ्यायची असेल तर सरावानेही गुण वाढतात, हे ध्यानात असू द्या.

आणि अहवाल हाती आला की आकड्याच्या पलीकडचे विचारा : कोणाच्या मानकांशी तुलना केली? कोणत्या भाषेत विचारले? काय चुकले, आणि ते कसे चुकले? काय शाबूत आहे? शेवटचा प्रश्न विसरू नका. पुढची वर्षे त्या शाबूत असलेल्या गोष्टींच्याच आधाराने काढायची असतात, आणि ज्याने चाचणी वापरण्याचे शिक्षण नीट घेतले आहे त्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरे तयार असतात.